सिंगापूर: सहाजणांचं जेवण, आजी कांदा-लसूण खात नाहीत, धाकटीला तिखट चालत नाही

तिसरं_रेल्वे_गेट (टिळकवाडी, बेळगाव)

मेच्या पहिल्या आठवड्यात सहा दिवस सिंगापूर. माणसं सहा: आजी (७३, शाकाहारी, कांदा-लसूण नाही, अंडंही नाही), आजोबा (७६, शाकाहारी, साखरेचा त्रास), आम्ही दोघं, मुलगा ९, मुलगी साडेचार. मी आणि मुलगा मासे-कोंबडी खातो, बाकी सगळे शाकाहारी. पॅकेज टूर नको. राहायची जागा अजून ठरलेली नाही.

‘टॉप टेन’ छाप याद्या वाचून डोळे दुखले. आजीच्या ताटात नेमकं काय पडणार, लहान पोरीला खुर्ची मिळेल का, बिल शेवटी किती होणार, हे त्यात कुणी लिहीत नाही. जाणकारांनी जरा बैजवार सांगावं.

सांबरा_ते_चांगी

नावं नंतर बघू, आधी घड्याळ. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. सहा दिवसांच्या सहलीत मुलांचं पोट निम्मा वेळ बेळगावच्याच घड्याळावर चालतं. घरी सकाळी साडेआठला नाश्ता असेल तर तिथं भूक लागणार अकराला. दुपारचं एकचं जेवण जाईल साडेतीनवर, रात्रीचं नऊचं जाईल साडेअकरावर. आणि गोची इथंच आहे. हॉकर सेंटरमधले (एकाच छताखाली मांडलेले खाण्याचे ठेले) दुपारचे बरेच ठेले दोन-अडीचला माल संपवून आवरतात, एसी रेस्टॉरंटं बहुधा तीन ते सहा बंद असतात आणि रात्री साडेनऊ-दहाला स्वयंपाकघर शेवटची ऑर्डर घेतं. ‘सिंगापुरात मुलांना काही मिळालंच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक चुकीच्या वेळी बरोबर ठिकाणी गेलेले असतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वेळा घट्ट धरा: साडेअकरा आणि सहा. साडेअकराला भरपेट जेवण. बारा ते दोन ऑफिसवाल्यांची झुंबड असते, ती त्यानं चुकते. सहाला रात्रीचं जेवण. साडेनऊला खोलीवर दूध, फळं, दशमी. सकाळी हॉटेलातल्या बुफेवर पैसे घालण्याआधी विचार करा, कारण आठला तिथं मुलं अर्धी झोपेत असतात. बेळगावात तेव्हा साडेपाच झालेले असतात.

दुसरं, जागा नकाशावर बघून निवडा. चांगलं रेस्टॉरंट पण चाळीस मिनिटं लांब, म्हणजे लहान पोर असलेल्या घरासाठी वाईट रेस्टॉरंट. फोनमधल्या नकाशात आधी त्या दिवशी फिरायची ठिकाणं टाका. मग त्या प्रत्येक ठिकाणापासून मेट्रोनं (तिथं एमआरटी म्हणतात) पाच-सहा स्टेशनांत येणाऱ्या दोन जागा राखून ठेवा: एक पहिल्या पसंतीची, दुसरी ती बंद निघाली तर. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

रिव्ह्यू वाचताना तारे बघू नका. रिव्ह्यूच्या शोधखिडकीत ‘हाय चेअर’, ‘स्ट्रोलर’, ‘स्पायसी’, ‘व्हेजिटेरियन’ असे एकेक शब्द इंग्रजीत टाका. शंभर रिव्ह्यूंपैकी कामाचे चार वर येतात. लोकांनी टाकलेले मेनूकार्डचे ताजे फोटोही बघा, दर तिथं कळतात.

खडेबाजार_४२

एवढा अभ्यास कशाला? लिटल इंडियात लॉज घ्या, तिन्ही त्रिकाळ इडली-डोसा-थाळी. विषय संपला की.

सांबरा_ते_चांगी

@खडेबाजार_४२ राहायला लिटल इंडिया चांगलंच आहे, फक्त कारण वेगळं. तिथून दोन मेट्रो लाइनी जातात. बेफ्रंट, म्हणजे गार्डन्स बाय द बे, हे डाउनटाउन लाइनवर सरळ चौथं स्टेशन. हार्बरफ्रंट, म्हणजे सेंटोसा या सहलीच्या बेटाचं दार, हे नॉर्थ ईस्ट लाइनवर पाचवं. कुठंच गाडी बदलायची नाही. आजोबा थकले तर दुपारी खोलीवर परतता येतं, हा फायदा जेवणापेक्षा मोठा.

पण तिन्ही त्रिकाळ तिथंच जेवायचं ठरवलं की प्राणिसंग्रहालयाच्या दिवशी अडकता. ते मंडाईला, उत्तरेकडं आहे आणि मेट्रोनंतर पुन्हा बस पकडावी लागते. त्या दिवशी जेवण सोबत बांधून न्या किंवा आतल्या फूड कोर्टात काय मिळतं ते आदल्या रात्री बघून ठेवा. सेंटोसाच्या दिवशी आत शिरण्यापूर्वीच व्हिवोसिटी मॉलमध्ये खाऊन घ्या. सेंटोसाची छोटी रेल्वे त्याच मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सुटते आणि मोठं फूड कोर्टही त्याच मजल्यावर आहे.

रविवारची संध्याकाळ मात्र लिटल इंडियात टाळा. कामगारांचा तो सुटीचा दिवस, फुटपाथवर पाऊल ठेवायला जागा नसते. दुकानांपुढच्या झाकलेल्या ओवऱ्यांमध्ये दर चार दुकानांनी पायरी वर-खाली होते, बाबागाडी उचलून न्यावी लागते. रविवारी जायचंच तर सकाळी.

मोसरन्ना

शाकाहाराबद्दल लिहितो, कारण फसगत तिथंच होते. ‘नो मीट’ सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि वरचे तुकडे काढून देतो. त्याच्या लेखी ते शाकाहारी झालं. मासळी आणि चरबी दिसत नाही, ती आत असते.

१. चिकन राइसचा नुसता भात मागू नका. तो भातच कोंबडीच्या चरबीत परतून तिच्याच पाण्यात शिजवलेला असतो.

२. कांगकुंग नावाची पालेभाजी. रंग बघून घरचं काहीतरी मिळालं असं वाटतं. बहुतेक ठिकाणी ती बेलाचानमध्ये, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या लगद्यात परततात. आपल्याकडं सुकटीची चटणी करतात, त्याच जातीचा वास.

३. यॉंग टाउ फू. काचेमागं वांगी, भेंडी, कारली, मिरच्या, टोफू मांडलेलं असतं. चीर देऊन भरलेली भेंडी बघितली की आजी म्हणणार, ‘हे चालेल.’ चालणार नाही. त्या चिरेत पांढरं सारण आहे ते माशाच्या लगद्याचं. टोफूच्या पोटातही तेच. खालचं सूप बहुधा सुक्या माशांचं.

४. नासी लमाक: भात नारळाच्या दुधातला, पण ताटात तळलेले छोटे सुके मासे (इकान बिलिस) आणि सांबालमध्येही (मिरचीची चटणी) तेच.

५. लाक्सा (नारळाच्या रस्स्यातल्या शेवया), रोजाक (फळं-भाज्यांची कोशिंबीर), पोपिया (भाजी भरलेली गुंडाळी): तिन्हींत सुकी कोळंबी किंवा कोळंबीचा सॉस. इंडियन रोजाक वेगळा प्रकार आहे, त्यातही तळणीत अंडं-मासळी असते.

६. चार क्वे टिआऊ (तांदळाच्या रुंद शेवया) आणि ‘कॅरट केक’: चरबीत परतण्याची जुनी पद्धत, अंडं ठरलेलं. कॅरट केकमध्ये गाजर नसतं, मुळ्याची वडी असते. मुलांना नावावरून गोड वाटतं नि रडारड होते.

७. प्राटा. मुलांचं हमखास आवडतं, आपल्या परोठ्याच्या घरचंच. पण सोबतच्या वाटीत माशाची किंवा मटणाची आमटी येते. डाळ मागा, आणि डाळ म्हणून ‘दालचा’ आला तर त्यात मटणाचं हाड नाही ना विचारा. साधा प्राटा साखरेसोबतही देतात. तवा मात्र अंडं-मटणाचा तोच. तव्याचंही सोवळं असेल तर शुद्ध शाकाहारी ठिकाणाला पर्याय नाही.

८. काया टोस्ट: ती हिरवट-तपकिरी गोड चटणी अंडं आणि नारळाच्या दुधाची. आजीला नको.

आजीसाठी बिनधास्त गोड: चेंडोल (नारळाचं दूध, ताडगूळ, हिरव्या शेवया). पांढरा साधा भात कुठंही मिळतो, पण चिकन राइसच्या ठेल्यावरून घेऊ नये.

निपाणी_नाका

मासे-कोंबडी खाणाऱ्या दोघांचं अवघड नाही, उलट हॉकर सेंटर हीच अशा मिश्र घराची जागा. एका टेबलावर आजीला पोंगल, मुलाला चिकन राइस, पोरीला इडली, प्रत्येकाचं वेगळ्या ठेल्यावरून. कुणाला कुणासाठी अडजस्ट व्हावं लागत नाही. टेक्का सेंटर त्यासाठी उत्तम: लिटल इंडिया स्टेशनच्या सी दारातून बाहेर आलं की लागूनच. तमिळ, मुस्लिम-भारतीय, चिनी असे ठेले एकाच छताखाली, तळमजल्यावर. शेजारीच भाजी-मासळीचा बाजार आहे, वास नको असेल तर त्या बाजूचं टेबल घेऊ नका.

पद्धत अशी:

आधी टेबल. कोणीतरी बसून धरायचं. तिथले लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जातात, त्याचा अर्थ जागा अडवलेली आहे. पाकीट उचलून बसू नका. तुमच्याकडं आजी-आजोबा आहेत, त्यांना पोरीसकट बसवा, दोघं मोठे दोन दिशांना जा. टेबलावर नंबर रंगवलेला असतो तो बघून जा. काही ठेले आणून देतात, तेव्हा विचारतात. ‘सेल्फ सर्व्हिस’ लिहिलं असेल तर उभं राहून न्यायचं.

‘हॅविंग हिअर?’ विचारतील. बांधून हवं तर ‘ता पाव’ म्हणा. हा पाव खायचा नाही, पार्सलला तिथं तेच म्हणतात.

पैसे: दोन, पाच, दहाच्या डॉलर नोटा सुट्ट्या ठेवा. बऱ्याच ठेल्यांवर रोख किंवा तिथला क्यूआर चालतो. आपलं कार्ड सगळीकडं चालेल असं धरू नका.

उठताना ट्रे आणि ताटं ठरलेल्या मांडणीवर परत ठेवायचीच. हॉकर सेंटरांत १ सप्टेंबर २०२१ पासून हे सक्तीचं आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, पुढं दंड. हलाल ताटांची मांडणी वेगळी असते, वर पाटी असते, ती बघून ठेवा.

खेकड्यापाशी जपून. चिली क्रॅबचा दर पाटीवर १०० ग्रॅमचा असतो, अख्ख्या खेकड्याचा नाही. समजा ९ डॉलर लिहिलंय आणि खेकडा सव्वा किलोच्या आसपास, १२०० ग्रॅम निघाला, तर १०८ डॉलर झाले, वर कर वेगळा. ‘सीझनल प्राइस’ लिहिलं असेल तर वजन करून एकूण आकडा बोलून घ्या, मगच हो म्हणा. गोवा-कारवारकडं ताटाचा भाव विचारायची सवय असते आपल्याला, इथं ती महाग पडते.

तिसरं_रेल्वे_गेट

भेंडीचं वाचून आजी म्हणाल्या, बरं झालं कळलं. आता त्यांच्या कांदा-लसणाचं सांगा. आणि पाटीवरच्या दराच्या वर कर किती?

शहापूर_पैठणी

बिलाचं मी सांगते. मेनूकार्डावर दरापुढं ‘++’ असं दोन अधिकचं चिन्ह असलं की वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी (१ जानेवारी २०२४ पासून ९). हिशेब: ९० डॉलरचं जेवण, सर्व्हिस धरून ९९, जीएसटी धरून १०७.९१. थोडक्यात, पाटीवरच्या आकड्यात पाचवा हिस्सा मिळवायचा. सर्व्हिस घेतल्यावर टिप द्यायची पद्धत नाही. हॉकर ठेल्यावर बहुधा पाटीवरचाच दर, वर काही नाही.

चिनी रेस्टॉरंटात बसल्या बसल्या शेंगदाण्यांची किंवा लोणच्याची बशी आणि ओले रुमाल येतात. ते फुकट नसतात. पोरं लगेच दाणे उचलतात. नको असेल तर हात लावायच्या आत परत करा आणि बिलातून वगळलं का ते बघा. पाण्याचेही पैसे लावतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या खोलीवरूनच भरून न्या.

मोसरन्ना

आजींसाठी दोन रस्ते.

पहिला, तमिळ शाकाहारी. सेरंगून रोडवर कोमल विलास (१९४७ पासून), आनंद भवन (१९२४ पासून, अनेक शाखा), आणि पुढं फेरर पार्क स्टेशनजवळ बेंगळुरूच्या एमटीआरची शाखा. शुद्ध शाकाहारी म्हणजे कांदा-लसणाविना नव्हे हे ध्यानात ठेवा. सांबारात छोटे अख्खे कांदे, रसममध्ये लसूण, मसाला डोशाच्या भाजीत कांदा. बिनधास्त घेण्याजोगं म्हणजे वेण पोंगल (तांदूळ, मूगडाळ, मिरी, जिरं, आलं, तूप) आणि दहीभात. लिंबूभात, म्हणजे आपलं चित्रान्ना, यात कधी कांदा घालतात, विचारा. इडलीसोबत नुसतं खोबरं-चटणी आणि तीही विचारून.

आपल्याला कन्नड येतं त्याचा इथं फायदा होतो. कन्नडचं ‘बेड’ ते तमिळचं ‘वेंडाम’. ‘वेंगायम वेंडाम, पूंडू वेंडाम’ म्हणजे कांदा नको, लसूण नको. तिखट नको तर ‘कारम वेंडाम’, कन्नडच्या ‘खारा’चाच भाऊ. मोसरन्ना (दहीभात) हवा तर ‘तैर सादम’. शाकाहारीला ‘सैवम’. सगळे इंग्रजी समजतात, पण या चार शब्दांनी आत स्वयंपाकघरात नेमका निरोप जातो.

दुसरा रस्ता कुणी सुचवत नाही: चिनी बौद्ध शाकाहारी ठेले. त्यांच्या जुन्या नियमात कांदा, लसूण आणि त्याच कुळातल्या तीव्र वासाच्या भाज्या वर्ज्य आहेत. आजींच्या नियमाला तमिळ थाळीपेक्षा हे जवळचं! पाटीवर चिनीत ‘सू’ हे अक्षर असतं. त्याचं चित्र फोनमध्ये साठवून ठेवा आणि दुकानदाराला दाखवा. दोन गोष्टी तरी विचारायच्याच: अंडं आहे का, आणि कांदा-लसूण खरंच नाही ना, कारण नव्या धाटणीची व्हेगन दुकानं दोन्ही वापरतात. मिडल रोडवरच्या फॉर्च्यून सेंटर इमारतीत अशी बरीच दुकानं एकत्र आहेत, बुगिस स्टेशनपासून चालत. जवळच वॉटर्लू स्ट्रीटवर क्वान यिनचं देऊळ आणि त्याला लागूनच श्रीकृष्णाचं देऊळ, म्हणजे आजींचं दर्शनही होईल.

आधी आजींना सांगून ठेवा: ताटात जे बदकाच्या भाजलेल्या कातडीसारखं सुरकुतलेलं, तपकिरी, तेलानं चमकणारं दिसेल ती सोयाच्या दुधावरची साय असते, घडी घालून तळलेली. ‘मटण’ दिसेल ते गव्हाच्या चिकाचं. अगोदर न सांगता समोर आलं तर त्या ताट सरकवतील. दिसण्याचीच किळस असेल तर नुसता ‘व्हेजिटेरियन बी हून’ घ्या, तांदळाच्या शेवया, कोबी घातलेल्या, आणि वरचे तुकडे नको म्हणा. हा सकाळचा पदार्थ, दुपारनंतर बहुतेक ठेल्यांवर संपतो. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला या दुकानांत मोठी रांग असते, त्या दिवशी बरेच चिनी लोक शाकाहार पाळतात. आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागेच येतं ते.

आईबाबा_नेहरूनगर

लहान मुलांचं.

हॉकर सेंटरमधले स्टूल जमिनीला ठोकलेले, पाठ नसलेले असतात. साडेचार वर्षांची पोर बसेल, पण भिंतीकडच्या बाजूला बसवा. लहानांची उंच खुर्ची मॉलमधल्या फूड कोर्टात आणि रेस्टॉरंटात मिळते, हॉकर सेंटरमध्ये धरून चालू नका. बाबागाडी घडी होणारीच न्या. मेट्रो स्टेशनांना लिफ्ट आहेत, अडचण ठेल्यांच्या बोळात होते. गरम सूप घेऊन माणसं वळत असतात, गाडी बोळात उभी करू नका.

तिखट: ‘नॉट स्पायसी’ याचा तिथला अर्थ मिरची नाही, मिरी असू शकते. ‘नो चिली, नो पेपर’ दोन्ही म्हणा. चिलीची चटणी बहुधा बाजूला येते, पण नूडल्समध्ये तळाशी आधीच घातलेली असते आणि वरून दिसत नाही, म्हणून नूडल्स मागतानाच सांगायचं, आल्यावर नाही.

पेयं: बाटल्यांवर आणि पेयांच्या पाट्यांवर ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिसतील. ती स्वच्छतेची नव्हेत, साखर आणि चरबीची आहेत. डी म्हणजे सगळ्यात गोड. पोरांच्या हातात काय द्यायचं हे एका नजरेत कळतं.

आजोबांना चहा: नुसतं ‘तेह’ मागितलं तर साखरेच्या आटवलेल्या दुधातला गोडमिट्ट येतो. ‘तेह सी कोसोंग’ म्हणजे बिनसाखरेच्या आटीव दुधाचा, साखर नाही. ‘तेह ओ कोसोंग’ म्हणजे कोरा, साखर नाही. कॉफीला ‘तेह’च्या जागी ‘कोपी’. ‘सिऊ दाय’ म्हणजे साखर कमी. मधुमेहाला तेवढ्यावर विसंबू नका, कोसोंगच म्हणा.

मेट्रोच्या गाडीत आणि स्टेशनात खाणं-पिणं बंद, पाणीसुद्धा. दंड ५०० डॉलरपर्यंत. पोरीला बिस्किट द्यायचं ते आत शिरायच्या आधी.

हात पुसायला टिश्यू ठेल्यावर देत नाहीत. दोन पाकिटं पिशवीत ठेवा, टेबल धरायलाही तीच.

घटप्रभा_काठ

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर?

आईबाबा_नेहरूनगर

साटेचा (काडीवर भाजलेलं मांस) सॉस म्हणजे दाण्याचा कूटच. रोजाक, गादो-गादो, पोपियावर दाणे. कढई, झारा तेच, त्यामुळं ‘वरून घालू नका’ पुरत नाही. तीव्र ॲलर्जी असेल तर हॉकर सेंटर टाळा, जिथं स्वयंपाकघराशी बोलता येतं असं रेस्टॉरंट घ्या आणि डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन हातातल्या पिशवीत ठेवा. रुग्णवाहिका ९९५.

खडेबाजार_४२

ऑक्टोबरात दसऱ्याच्या सुटीत बँकॉकला जातोय. हेच लागू?

निपाणी_नाका

निम्मं लागू. तिथं शाकाहारी म्हणजे ‘मांगसाविरात’, पण अंडं चालतं असं धरतात. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा: मांस, अंडं, दूध, लसूण काहीच नाही. त्यांचा जे-उत्सव बहुधा ऑक्टोबरातच येतो, तेव्हा असे झेंडे गल्लोगल्ली लागतात. माशांचा सॉस ‘नाम प्ला’ सगळ्यात असतो. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे घालू नका. ‘माय फेत’ म्हणजे तिखट नको. मोठ्या रेस्टॉरंटात ‘++’ तिथंही, १० आणि ७ टक्के. १०० चे ११७.७०. नळाचं पाणी पिऊ नका. बाकी वेगळा धागा काढा, इथं सरमिसळ नको.

शहापूर_पैठणी

@तिसरं_रेल्वे_गेट घरून काय नेणार ते विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण ते जेवणापेक्षा महागात पडू शकतं.

खसखस नेऊ नका. सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. डबीतलीच नव्हे. घरच्या अनारशांना लावलेली, काळ्या मसाल्यात भाजून कुटलेली, लाडवात टाकलेली, सगळीच. मसाला न्यायचाच तर बिनखसखशीचा वेगळा कुटा. दुबईमार्गे जाणाऱ्यांनाही हाच नियम. गोकाकचं करदंट भेट म्हणून न्यायचं तर खोक्यावरचे घटक वाचा, काही करणारे खसखस घालतात.

गुटखा, मावा, तंबाखूची पुडी, च्युइंगगम: बंद. आजोबांच्या खिशात कधीकाळची पुडी राहिलेली असते, कोट झटकून बघा. मांस आणि अंडी घरून नको.

न्यायला चांगलं: कडक भाकरी, शेंगा चटणी (कोरडी, तेल न घालता), तिखट-मिठाच्या पुऱ्या, भाजलेले पोहे. दशम्या दोनच दिवसांच्या करा, तिथल्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी धरतात. कुंदा फ्रिज असेल तरच. खोलीतल्या किटलीत फक्त पाणी उकळा; दूध तळाला लागतं, करपतं आणि नुकसानभरपाई मागतात. छोटी शेगडी-बिगडी नको, छताला धुराचा भोंगा असतो.

तिसरं_रेल्वे_गेट

अनारसे यादीत होते, काढले. बेंगळुरूहून रात्रीचं विमान आहे. विमानातलं आजींचं जेवण कसं?

सांबरा_ते_चांगी

तिकिटावर ‘व्हेज’ टाकू नका, कोड टाका. एव्हीएमएल हे भारतीय शाकाहारी, त्यात कांदा-लसूण असतो. आजींना व्हीजेएमएल, म्हणजे जैन: कांदा-लसूण, कंदमुळं, अंडं काही नाही. पोरीला सीएचएमएल हे बालजेवण घेऊ नका, ते बहुधा मांसाहारी असतं, तिलाही एव्हीएमएलच. आजोबांना डीबीएमएल मधुमेहाचं असतं, पण ते शाकाहारी असेलच असं नाही, कंपनीला विचारून घ्या. प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढं वेगळं नोंदवावं लागतं, निघण्याआधी किमान २४ तास, आणि परतीच्या विमानासाठी पुन्हा एकदा. जातानाचं आपोआप परतीला लागत नाही. स्वस्तातल्या कंपन्यांत जेवण आगाऊ विकत घ्यायचं.

विमान चारेक तासांचं, पहाटे उतरतं. खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, म्हणून त्या दिवसाची दशमी चेक-इन बॅगेत नको, हातातल्या पिशवीत वर ठेवा. शेंगा चटणी तेलात कालवलेली असली तर मात्र सुरक्षा तपासणीत १०० मिलीच्या नियमात अडकते, ती खाली जाऊ दे.